विज्ञान कादंबरीला पुरस्कार द्यायचाय? मग आधी भांडण नीट लावा

"सगळ्यांत चांगली विज्ञान कादंबरी कुठली?" असं विचारून हात वर करायला सांगितलंत की काम बिघडलंच म्हणून समजा. ज्याचा आवाज मोठा त्याची कादंबरी पहिली येते आणि बाकीचे 'चालू दे तुमचं' म्हणत चपला शोधायला लागतात. मी देवगड तालुक्यातल्या एका ब वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. आमच्याकडे हा वाद दर पावसाळ्यात रंगतो आणि आता त्याला एक पद्धत बसली आहे, ती इथे लिहिते.

पद्धत मुळात ह्यूगो या विज्ञानसाहित्याच्या पुरस्काराची. हा पुरस्कार १९५३ साली पहिल्यांदा दिला गेला. नाव ह्यूगो गर्न्सबॅक या संपादकाचं, ज्यांनी १९२६ साली विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक सुरू केलं. विजेता पंच ठरवत नाहीत, वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचं सभासदत्व घेतलेले वाचक मत देऊन ठरवतात. विज्ञानसाहित्याच्याच नेब्युला पुरस्काराला लेखक मत देतात, ब्रिटनच्या क्लार्क पुरस्काराला परीक्षक मंडळ असतं. गावात परीक्षक नेमायच्या फंदात पडू नका. तिघांना नेमलं की चौथा रुसतो, आणि चौथ्याकडेच नेमका सभेसाठी हॉल असतो.

वेळ कधीची धरायची

किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आंब्याच्या पेट्या जाऊन झालेल्या असतात, कॅनिंगचा माल उचललेला असतो. म्हणजे वाचणारी माणसं घरात सापडतात. ह्यूगोची अंतिम यादी साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागते आणि मतदान पावसाळ्यात संपतं, त्यामुळे आपलं वेळापत्रक आयतंच जुळतं. फक्त लावणीच्या दिवसांत कुणाकडून काही अपेक्षा ठेवू नका. नारळी पौर्णिमेच्या आत मोजणी उरका, नंतर होड्या पाण्यात जातात आणि निम्मे मतदार त्यांच्याबरोबर.

यादीत काय बसतं ते आधी लिहा

इथे आळस केलात तर शेवटच्या सभेत कुणीतरी उठून 'ही कादंबरीच नाही' म्हणतं. ह्यूगोच्या नियमात कादंबरी म्हणजे किमान ४०,००० शब्द. त्याखाली १७,५०० ते ४०,००० शब्दांचा एक वेगळा गट आहे, आपण त्याला दीर्घकथा म्हणू. शब्द मोजत बसायचं नाही. मधलं एखादं भरलेलं पान घ्या, त्यातले शब्द मोजा, पानांच्या संख्येने गुणा. पानाला २५० शब्द धरले तर १६० पानं म्हणजे बरोबर ४०,०००. हा हिशेब केला की मुखपृष्ठावर कादंबरी म्हणून मिरवणारी बरीच पातळ पुस्तकं बाहेर पडतात. मी तरी मर्यादा ३०,००० वर आणते. मराठी पुस्तकाला एवढी सूट द्यायला हरकत नाही, पण ती वाचन सुरू व्हायच्या आधी जाहीर करावी.

दुसरा प्रश्न अनुवादाचा. ह्यूगोत परभाषेतली कादंबरी इंग्रजीत पहिल्यांदा येते त्या वर्षी नव्याने पात्र ठरते. लिऊ त्सिशिन यांची चिनी कादंबरी पुस्तकरूपाने आली २००८ साली, केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद आला २०१४ साली आणि २०१५ चा पुरस्कार तिला मिळाला. आपणही तसंच करावं: मराठी अनुवाद ज्या वर्षी आला ते तिचं वर्ष. मात्र एकाच वर्षाची अट मराठीला पेलत नाही, एवढ्या विज्ञान कादंबऱ्या वर्षाला निघत नाहीत. पाच वर्षांचा पट्टा धरा.

नावं सुचवणं

ह्यूगोत प्रत्येकाने पाच नावं सुचवायची आणि सर्वांत जास्त पाठिंब्याच्या सहा कादंबऱ्या अंतिम यादीत जातात. पाच आणि सहा हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. २०१५ साली काही गटांनी ठरवून याद्या वाटल्या आणि नामांकनाच्या जागा भरून टाकल्या. चिडलेल्या मतदारांनी मग पाच विभागांत 'पुरस्कार नाही' याच पर्यायाला जिंकवलं. त्यानंतर, २०१७ पासून, नियम बदलले. आपल्याकडे गट म्हणजे वाडी. एका वाडीने ठरवून एकच यादी दिली तरी यादीत दुसऱ्या कुणाला जागा उरली पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येकाकडून तीन नावं घेतो आणि चार कादंबऱ्या निवडतो. चारच, कारण प्रती कमी. एकेक प्रत आठ दिवसांच्या बोलीवर फिरवायची आणि पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच द्यायचं, आषाढात पुस्तकाला बुरशी यायला आठवडा पुरतो.

भांडणाचे नियम

खरी गंमत इथे आहे, त्यामुळे इथे वेळ द्या.

प्रत्येक कादंबरीला एक सबंध संध्याकाळ द्यावी. चारही पुस्तकांवर एकदम चर्चा ठेवली की लोक आपापलं पुस्तक बगलेत मारून येतात आणि दुसऱ्याचं ऐकतच नाहीत. सुरुवातीला एक पान मोठ्याने वाचा, लेखकाचं नाव न सांगता. नावाचं वजन फार असतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ नाव झाकून परीक्षेला बसतो, तर आपल्या यादीतल्या लेखकांना काय झालं?

मग दोन प्रश्न, वेगवेगळे. पहिला: यातलं विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट उभी राहते का? आरामात राहत असेल तर अंतराळयानं आणि यंत्रमानव नुसते सजावटीला आणलेत. दुसरा: यातलं विज्ञान चुकलंय का, आणि चुकलं असेल तर गोष्टीचं त्याने किती बिघडतं? हे दोन्ही एकत्र केलेत की सभा हातातून गेलीच.

एका यादीतल्या कादंबरीत दोन चंद्रांचा ग्रह होता. किनाऱ्यावरची म्हातारी रोज दिवेलागणीला भरती आली की पाण्यात दिवा सोडते. शाळेतले विज्ञानाचे सर वर्णनावर बेहद्द खूश होते. मागच्या बाकावरून तांडेलकाका म्हणाले, "दोन चंद्र आसत तर भरती रोज एकाच येळार कशी येतली?" सर म्हणाले, लेखकाला तेवढं स्वातंत्र्य असतं. काका ऐकेनात. आपल्याकडे एकच चंद्र, तरी भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात म्हणून उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी भरती. दोन चंद्र असले तर कधी दोघं मिळून ओढणार, कधी एकमेकांच्या आड येणार, आणि त्या म्हातारीला पंचांगच काढून बसावं लागलं असतं! सरांनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली, पुसली, पुन्हा काढली. शेवटी काकांनी मत देताना त्याच कादंबरीला दुसरा क्रमांक दिला. भरती चुकली, पण वाट बघणारी बाई बरोबर लिहिली आहे, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला पहिल्या संध्याकाळी पुढच्या बाकावर बसवावं.

ज्याने पुस्तक पुरतं वाचलं नाही त्याने बोलू नये हा नियम मी ठेवत नाही. पाळला तर हॉल रिकामा होईल. पण मतपत्रिकेवर न वाचलेल्या पुस्तकापुढची जागा कोरी सोडायची, हे मात्र कडक.

मतपत्रिका

कोकण पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना हे शिकवावं लागत नाही: नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम. तिथे निवडणूक आयोग जांभळं स्केचपेन देतो, इथे पेन्सिल चालते. कादंबऱ्यांच्या खाली आणखी एक ओळ हवी: 'यंदा कुणालाच नाही'. ह्यूगोत ती प्रत्येक विभागात असते, आणि २०१५ साली काय झालं ते वर आलंच आहे. ती ओळ वगळू नका. कंटाळवाणी पुस्तकं निवडून आलेल्या वर्षी तिचा मोठा आधार असतो.

मोजणी

नावं लिहिली तर वाद इथेच सुरू होईल, म्हणून मुखपृष्ठांच्या रंगांवरून सांगते. समजा १९ मतपत्रिका आल्या. पहिल्या पसंतीची मतं: निळी ७, लाल ५, पिवळी ४, हिरवी ३. जिंकायला निम्म्याहून जास्त हवीत, म्हणजे १०. कुणाकडेच नाहीत. मग सर्वांत खालची हिरवी बाद. तिच्या तीन पत्रिकांवर दुसरी पसंती बघा: दोन पिवळीला, एक निळीला. आता निळी ८, पिवळी ६, लाल ५. लाल बाद. तिच्या पाचपैकी चार पिवळीकडे जातात, एक निळीकडे. पिवळी १०, निळी ९. पिवळी जिंकली.

निळीवाले ओरडणार, सुरुवातीपासून आम्ही पुढे होतो म्हणून. ओरडू द्या. सात जणांना ती जिवापाड आवडली, पण बाद झालेल्या पुस्तकांच्या आठ मतदारांपैकी दोघांनीच तिला आपल्या पुस्तकानंतरची जागा दिली. पिवळी त्यांतल्या बहुतेकांना चालत होती. गावाच्या नावाने पुरस्कार द्यायचा तर मला पिवळीच पटते.

शेवटची एक तपासणी राहते. सगळ्या पत्रिका पुन्हा घ्या आणि पिवळीला 'कुणालाच नाही'च्या वर किती जणांनी ठेवलंय, खाली किती जणांनी, ते मोजा. खालचे जास्त निघाले तर पुरस्कार नाही. शेवटच्या फेरीत दोन कादंबऱ्यांची बरोबरी झाली तर दोघींना द्या. ह्यूगोत कादंबरीला १९६६, १९९३ आणि २०१० साली असा विभागून पुरस्कार गेला आहे, त्यात कुणाची अब्रू गेली नाही.

निकाल फळ्यावर लावताना नुसतं विजेत्याचं नाव लिहू नका, प्रत्येक फेरीचे आकडे लिहा. ह्यूगोवालेही सोहळ्यानंतर सगळे आकडे जाहीर करतात. आणि मतपत्रिका गणपती होईपर्यंत कपाटात कुलपात ठेवा. मुंबईहून चाकरमानी आले की त्यांतला एखादा तरी यादीतलं एकच पुस्तक वाचून आलेला असतो, तो फेरमोजणी मागतोच. मोजू द्यावी. तेवढ्यात त्याच्याकडून पुढच्या वर्षाची वर्गणी भरून घ्यावी.