केनियाचा काळा चहा: गरम आणि गार

केनियाच्या केरिचो भागातला बहुतेक चहा सीटीसी, म्हणजे दाणेदार असतो आणि रंग फार लवकर सोडतो. आधणात खळखळवलात तर कडवट होऊन घसा धरेल. पाणी उकळलं की गॅस बंद करा, २०० मिली पाण्याला सपाट चमचाभर (साधारण २ ग्रॅम) पावडर घाला, झाकण ठेवा, अडीच मिनिटांनी गाळा. अख्ख्या पानांचा असेल तर चार मिनिटं. चव बघताना दूध-साखर नको. जरा निवू द्या आणि चक्क आवाज करत भुरका मारा; हवा मिसळली की वास नाकापर्यंत पोचतो. जिभेवर तरतरी जाणवली तर उत्तम. जीभ कोरडी, खरखरीत झाली तर चहा जास्त मुरला.

गारसाठी लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम पानं घालून बरणी आठ तास फ्रिजमध्ये. दाणेदार पावडरीला पाच-सहा तास पुरेत, पण ती फडक्यातून गाळावी लागते. गोव्याच्या उकाड्यात बरणी रात्रभर ओट्यावर ठेवू नका, नासते.

गरम पाण्यात केलेला चहा फ्रिजमध्ये गढूळ होतो, कारण कॅफीन आणि टॅनिन गार होताना एकमेकांना चिकटतात. तो बिघडलेला नसतो; थोडं उकळतं पाणी घातलं की निवळतो. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालणार असाल तर त्यातलं मीठ विसरू नका.

पावसाळ्यात पुडा घट्ट डब्यात ठेवा. सुक्या बांगड्यांशेजारी तर मुळीच नको.