माळवदापासून सुरुवात करा: घरच्या आठवणींचं चित्रपुस्तक

बहुतेक जण 'माझा जन्म अमुक साली' असं लिहायला घेतात आणि तिसऱ्या पानावर अडकतात. त्याआधी माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, जुन्या घराचा नकाशा काढा. चौकटीची वही, पेन्सिल, आणि शेजारी आजी नाहीतर चुलते. जुनं घर खणांत (दोन तुळयांमधल्या जागेत) मोजायचं. 'सात खणाचं होतं का नऊ?' एवढ्या प्रश्नावर गाडी सुरू होते. मग ढेळज (दारातली बसायची जागा) कुठं, बळद (धान्याची कोठी) कोणत्या भिंतीत, सवणं (छपरातलं उजेडाचं भोक) कुठं, उतरंडीत गाडगी किती. 'एखादी गोष्ट सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं 'आता काय सांगावं बाबा' म्हणून गप्प बसतात. बळद भलत्याच भिंतीत काढलं की मात्र पेन्सिल हिसकावून घेतात. मुद्दाम चुकलं तरी चालतं.

लातूरकडच्या किल्लारी भागात तर नकाशाच पहिलं चित्र. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीची घरं बसली, कित्येक गावं नव्या जागी उठून गेली. जुनं घर आता फक्त कुणाच्या तरी डोक्यात आहे. सांगणारा थांबला तर रेकॉर्डिंग बंद करा, पुढचा प्रश्न विचारू नका.

साल कुणाला आठवत नसतं. 'रझाकाराच्या वेळी' (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या काळात) म्हणजे १९४८ च्या आसपास, 'दुष्काळात' म्हणजे बहुधा १९७२, 'भूकंपाच्या आधी'. प्रत्येक आठवण अशा कोणत्या दोन खुणांच्या मधली आहे, ते समासात लिहा. आत्या एक सांगते, काका दुसरंच, दोन्ही ठेवा. जुळवून एक केलं की ती कुणाचीच आठवण राहत नाही.

बोलणं एका वेळी ४० मिनिटं, पंखा बंद (म्हाताऱ्या आवाजाला पंखा गिळतो), फोन फ्लाइट मोडवर. उतरवताना 'येळवस'ची (शेतात जेवायला जायचा सण) 'वेळ अमावस्या' करू नका.

पहिल्या पुस्तकाला ए-५ आकाराची २४ पानं आणि १२ चित्रं पुष्कळ झाली. येळवशीचं चित्र असेल तर सगळं शिवार नको. कडब्याची कोप (खोपी), आंबिलाचं मडकं, भज्जी (मिसळीची भाजी) वाढणारा हात, बस्स. नजर पाच वर्षांच्या पोराची, म्हणजे क्षितिजरेषा जमिनीपासून तीनेक फुटांवर. उभ्या माणसांचे आधी गुडघे दिसतात. संदर्भ इंटरनेटवरून उचलाल तर घरावर उतरतं कौलारू छप्पर येईल. आपलं माळवद सपाट, मातीचं. ही चूक फार दिसते.

जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद घ्या, त्याहून पातळ सुरकुततो. शाई वॉटरप्रूफ हवी. रद्दी कागदावर रेघ ओढून, वाळवून, ओला ब्रश फिरवून बघा. स्कॅन मूळ आकारात ३०० डीपीआयला. अल्बमला चिकटलेले फोटो ओढू नका, खिडकीच्या उजेडात फ्लॅशशिवाय टिपा.

मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात. बांधणीकडे १५ मिमी समास, कापणीसाठी कडेला ३ मिमी जादा रंग. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटली नाहीत ना, हे कागदावर छापूनच कळतं, म्हणून आधी एकच डमी (नमुना प्रत) काढा.

ती डमी घरात वाचून दाखवा. कुणीतरी 'हे नको छापू' म्हणणारच, आणि ते पान निघतं. एक पान गेलं की चारचा हिशेब बिघडतो. देवळी, कुलूप, अडकित्ता अशी दोन-तीन सुटी चित्रं त्यासाठी आधीच काढून ठेवा.