बॅले बघताना नजर कुठे ठेवाल?

पहिल्यांदा बॅले बघणारा पाय किती उंच गेला तेवढंच बघतो. पण गंमत उडीच्या आधी आणि नंतर असते, आणि ती पकडायला स्वतः नाच शिकावा लागत नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी अनवाणी उभे राहा, टाचा जुळवा आणि चवडे बाहेर वळवा. पावलं सहज वळतील, गुडघे मात्र पुढेच बघत राहतील. बॅलेतलं हे वळण, म्हणजे टर्नआउट, खुब्यातून यावं लागतं. गुडघा आणि पाऊल एकाच दिशेला हवेत. (जोर करू नका, गुडघा दुखेल.) हा खटाटोप एकदा करून बघितलात की रंगमंचावर नुसती उभी असलेली नर्तकीही तुम्हाला कष्ट करताना दिसेल.

मग तीन-चार शब्द पाठ करा, जास्त नकोत. ते फ्रेंच आहेत, कारण या नृत्याची शिस्त चौदाव्या लुईच्या दरबारात बसली; त्याने १६६१ मध्ये नृत्याची अकादमीच काढली. त्यातला सगळ्यात कामाचा शब्द प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं. उडी तिथूनच निघते आणि तिथेच जिरते. म्हणून उडी संपताना कान द्या. पॉइंट शूजचं, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायच्या बुटांचं, टोक कापड आणि गोंदाच्या थरांनी कडक केलेलं असतं, तरीही आवाज जवळपास आला नाही, तर प्लिए उत्तम.

ग्राँ जते या लांब झेपेत नर्तक क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटतो. थांबत अर्थातच नाही. झेपेच्या माथ्यावर तो पाय आणि हात वर उचलतो, त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य वर-खाली होत असला तरी डोकं काही क्षण एकाच पातळीवर सरकतं. पुढच्या वेळी पाय सोडून डोकं बघा.

आता ‘स्वान लेक’ या बॅलेतल्या बत्तीस फुएते, म्हणजे एका पायावरच्या सलग गिरक्या. इटालियन नर्तकी पिएरिना लेन्यानीने १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्या ओडिलच्या, म्हणजे नायिकेचं रूप घेऊन फसवणाऱ्या मुलीच्या, भूमिकेत घेतल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक मोजत बसले आहेत. तुम्ही मोजू नका. आधाराच्या पायाकडे बघा: दर गिरकीला टाच खाली येते, गुडघा वाकतो, पाय पुन्हा टोकावर चढतो. तो जागेवर राहतो की हळूहळू सरकतो? मान शेवटपर्यंत मागे राहून झटकन फिरते का? चक्कर आवरण्याची युक्ती तीच.

एवढं जमलं की तळ्याकाठची ओडेट, म्हणजे हंस झालेली नायिका, आणि महालातली ओडिल यांची तुलना करा. बहुधा दोघी एकच नर्तकी असते. अरबेस्कही तोच: एका पायावर तोल, दुसरा मागे ताणलेला. पण ओडेटचा हात पोचता पोचता रेंगाळतो, ओडिलचा नेमक्या ठोक्यावर टोचल्यासारखा थांबतो.