पडद्यावरचे पोपट उलटे लटकू नयेत म्हणून

आमच्या हॉलला मी हौसेने कलमकारीचे पडदे शिवून घेतले. डाळिंबाची झाडं, फांद्यांवर पोपट. कापड जरा कमी पडलं, म्हणून शिंप्याने तिसरा पट्टा फिरवून जोडला. त्या पट्ट्यावरचे पोपट वटवाघळांसारखे लटकायला लागले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जायची. कापडाला वर-खाली असतं हे शिंप्याला बजावलं नव्हतं, ती चूक माझीच.

ठसठशीत फुलापक्ष्यांचं कापड काही आपल्याला नवं नाही. पैठणीच्या पदरावर मोर आहेत, काठाला मुनिया आहे. इंग्रजांचा ‘चिंट्झ’ हा शब्दही आपल्याच छींटेवरून गेलेला. या कापडाने युरोपला असं वेड लावलं की फ्रान्सने १६८६ साली त्यावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत उठवली नाही. तेव्हा बिचकू नका, फक्त क्रम चुकवू नका.

आधी एकच मीटर आणा

दुकानात हातभर तुकड्यावर गोड दिसणारं फूल भिंतभर पसरलं की अंगावर येतं. म्हणून एक मीटर घ्या, खिडकीशी टाचण्यांनी लावा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. सकाळच्या उन्हात बघा, रात्री दिव्यातही बघा. मुख्य म्हणजे दारातून बघा. तिथून पक्षी ओळखू येत नसेल आणि नुसती गिचमिड दिसत असेल, तर नक्षी त्या खोलीसाठी बारीक आहे. लहान खोलीला बारीक नक्षीच हवी, हा समज मला पटत नाही. एका भिंतीवर मोठी नक्षी आणि बाकी सगळं साधं, हे दहा बाय दहाच्या खोलीतही शोभतं.

मग हिशेब

इथे घाई नको. एक पोपट जिथे सुरू होतो तिथून अगदी तसाच पुढचा पोपट सुरू होईपर्यंतचं उभं अंतर टेपने मोजा. समजा ते १८ इंच आहे. पडदा ८४ इंच उंच हवा, वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून १२ इंच, म्हणजे एकूण ९६. पण नक्षी जुळवायची तर १८च्या पटीतच कापावं लागतं, म्हणून १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर. खिडकी ६० इंच रुंद असेल तर चुण्यांसाठी दुप्पट, १२० इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर तीन पट्टे लागतात. झाले सव्वाआठ मीटर. सुती कापड आटतं, तेव्हा नऊ घ्या. हा जादाचा पाऊण मीटर वाचवायला गेलं की पोपट उलटे होतात.

शिवण्याआधी सगळं कापड वेगळ्या बादलीत गार पाण्यात बुडवून काढा आणि सावलीत वाळवा. पहिलं पाणी लालसर निघालं तरी घाबरू नका. शिंप्याकडे नेताना प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या कडेला खडूने बाण काढा. मागून पांढरं अस्तर लावून घ्या, नाहीतर पश्चिमेच्या उन्हात रंग लवकर विटतात.

बाकीची खोली

सोफा, चादर, गालिचा साधेच ठेवा. त्यांचे रंग कापडातूनच उचला, पण फुलाचा भडक लाल नको. पानाचा हिरवा किंवा देठाचा तपकिरी घ्या. दुसरी नक्षी हवीच असेल तर पट्ट्यांची किंवा चौकड्यांची घ्या.

उरलेल्या कापडातून उशांचे अभ्रे होतात. १६ इंची चौकोन जुन्या वर्तमानपत्रातून कापून त्याची नुसती चौकट ठेवा आणि ती कापडावर सरकवत न्या. पक्षी मधोमध आला, चोच आणि शेपूट शिवणीपासून दोन बोटं आत राहिली, की तिथे खूण करा. शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून मगच कात्री चालवा.