खुराडं बांधायचं तर बुडापासून बांधा

कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि उसाचे फड मोकळे व्हायला लागले, की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वेल्डिंगच्या शेडवर खुराड्यांची विचारणा वाढते. एरवी आमचं काम म्हणजे ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. पण पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, शिये, वडणगे या बाजूला घरं आता उसाच्या बांधाला जाऊन भिडलीत आणि त्या घरांच्या परसात कोंबड्या आल्यात. कुणाच्या दहा-बारा गावरान, कुणाच्या हौसेच्या कडकनाथ. ऊस उभा असतो तोवर कोल्ह्याला आडोसा, उंदीर, घुशी, सगळं आतच मिळतं. फड तुटला की आडोसा गेला, आणि मग रात्री त्याची चक्कर परसाकडं सुरू होते.

येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मामा, जरा जाड पाईप घाला, मजबूत दिसलं पाहिजे." अहो, पाईप कोण खातंय? कोल्हा पाईपला हात लावत नाही. तो खालून उकरतो, ढिली जाळी ओढतो, नाहीतर उघडं राहिलेलं दार बघून सरळ आत जातो. पैसा बुडाला, जाळीला आणि कडीला घालायचा. चौकट पाऊण इंची पाईपची केली तरी चालते, रंग कुठलाही मारा.

पण आधी चोर कोण ते ओळखा. "कोल्ह्यानं नेली" असं सांगत येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडं मुंगूस नाहीतर गल्लीतली कुत्री असतात. अख्खी कोंबडी गायब आणि पिसांची ओळ बांधाकडं गेलेली, तर कोल्हा. दिवसाढवळ्या पिल्लू उचललं, अंडी फोडून खाल्ली, मोठ्या कोंबडीच्या मानेवर चावे, तर मुंगसाकडं बोट दाखवा; ते दिवसाच हिंडतं. पाच-सहा कोंबड्या फाडून तिथंच टाकल्यात आणि खाल्लं काहीच नाही, तर बहुधा कुत्री. अंडी कवचासकट गेली, पिसाचाही पत्ता नाही, तर साप. पिल्लं रोज एकेक कमी होत असतील तर खुराड्याच्या कोपऱ्यात घुशीचं बीळ शोधा. रानमांजर वरून येतं, झाडावरनं पत्र्यावर आणि पत्र्यावरनं आत. माळावरचं खोकड उगाच बदनाम होतं. ते बिचारं अंगानं मांजराहून थोडं मोठं, किडे, उंदीर, बोरं खाऊन राहणारं. उसाच्या पट्ट्यात कोंबडी पळवणारा बहुतेक वेळा कोल्हाच.

खात्री करायची असेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती दोन फुटांचा पट्टा झाडून त्यावर चाळलेली राख किंवा रांगोळी भुरभुरवा. हातानं नको, चाळणीनंच, म्हणजे थर सारखा बसतो. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघायचं. पाच बोटं आणि बारीक नख्या दिसल्या तर मुंगूस. चार बोटं, गोल पंजा, नख्यांची खूण नाही, तर मांजराच्या जातीतलं काहीतरी. चार बोटं आणि नख्या असतील तर कुत्रा किंवा कोल्हा, आणि इथं जरा खाली वाकून बघावं लागतं. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा लांबुडका असतो आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना चिकटलेल्या असतात. राखेत ते चांगलं उठतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वाऱ्यानं दहा मिनिटांत पुसलं जातं.

आता जाळी. बाजारात कोंबडी जाळी म्हणून जी सहा कोनांची पातळ तारेची जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवायला आहे, जनावर बाहेर ठेवायला नाही. कुत्रा ती दातानं फाडतो, कोल्हाही फाडतो. वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा वेल्ड करून केलेली चौकोनी घरांची जाळी, जस्त चढवलेली. खालचे अडीच फूट अर्धा इंच घराची, त्याच्या वर एक इंचाची चालते. अर्धा इंच अशासाठी की मुंगूस, मोठी घूस, बहुतेक साप, सगळ्यांचंच त्यात अडतं. आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. "वीस गेज देतो, सोळापेक्षा भारी" असं कुणी सांगितलं तर पुढच्या दुकानात जा.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बसवायची. आतून बसवली तर बाहेरचा धक्का सगळा बांधणीच्या तारेवर येतो. बाहेरून असली की धक्क्यानं जाळी चौकटीवरच दाबली जाते. बाइंडिंग वायरच्या गाठी दोन पावसाळ्यात गंजून तुटतात. त्याऐवजी कडेनं फ्लॅट पट्टी ठेवून नट-बोल्टनं आवळून टाका. वेल्डिंग केलंत तर त्या टाक्यावरचं जस्त जळतं, तिथं रेड ऑक्साइडचे दोन हात मारल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नका.

बुडाचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. दोन रस्ते आहेत. खुराडं लहान असेल, चार बाय सहा वगैरे, तर खाली सरळ कोबा करा नाहीतर शहाबादी फरशी टाकून सांधे सिमेंटनं भरा. वर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरला की कोंबड्यांच्या पायाला थंड लागत नाही आणि साफसफाईही सोपी.

कोंबड्यांना माती उकरायला मिळावी म्हणून अंगण जाळीनं बंदिस्त करायचं असेल तर फरशी चालत नाही, तिथं जाळीची झालर करायची. दोन फूट रुंदीची वेल्डमेशची पट्टी घ्या. एका कडेपासून सहा इंचावर लांबीभर काटकोनात वाकवा. आमच्याकडं बेंडिंगला आणली तर पाच मिनिटांचं काम, घरी करायचं तर फळी ठेवून हातोडीनं ठोका. सहा इंचाची बाजू भिंतीच्या जाळीवर बोल्टनं आवळा आणि दीड फुटाची बाजू बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवी पसरा. पुन्हा सांगतो, बाहेरच्या अंगाला. वर दोन-तीन इंच माती किंवा खडी टाका, कडेला इथं-तिथं सळीचे आकडे ठोका. उकरणारं जनावर जाळीच्या अगदी पायाशी उकरायला लागतं, नखाला तार लागते, जरा बाजूला सरकून परत प्रयत्न करतं, परत तार. दीड फूट मागं जाऊन उकरावं हे त्याला सुचत नाही. सरळ खाली पुरलेल्या जाळीपेक्षा हे सोपं पडतं, खणावं लागत नाही. पाचगाव, आर. के. नगरकडच्या मुरमात खड्डा घेताना पहार वाजते, तिथं तर हाच मार्ग. शिये, वडणग्याकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून तिथं झालर थोडी रुंद, दोन फूट पसरलेली ठेवा आणि मे महिन्यात एकदा कडेनं फिरून भेगा बुजवा.

छताचं थोडक्यात. नुसतं वरून उघडं अंगण म्हणजे घारीला, शिकऱ्याला आणि रानमांजराला आवतण. एक इंची जाळी ताणा. पत्रा असेल तर पत्र्याच्या पन्हाळीखाली प्रत्येक नागमोडीला एक भोक राहतं, ते कुणाच्या डोळ्यात येत नाही. तिथनं धामण येते, घूस येते. पत्रा टाकल्यावर आत उभं राहून बघा, जिथं उजेड दिसतो तिथं जाळीची पट्टी नाहीतर सिमेंट.

दार बाहेर उघडणारं करा. बाहेरून धडक बसली तर ते चौकटीवर आणखी घट्ट बसतं. खालची फट बोटभरापेक्षा जास्त नको. कडी एक वर, एक खाली, आणि खालच्या कोयंड्यात कुलूप किंवा निदान स्प्रिंगचा हूक. नुसता टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी, दार हलवून हलवून सरकतो. अंडी काढायच्या झडपेलाही कडी लागते. वर सरकणारी झडप नाकानं उचलली जाते.

आत कोंबड्या बसतात तो दांडा जाळीपासून दीड फूट आत घ्या. कोंबडीला अंधारात जवळपास दिसतच नाही. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीचा पाय बाहेरून ओढला की पुढचं सांगायला नको. खुडूक कोंबडी आणि पिल्लं रात्री डालग्याखाली ठेवायची सवय असेल तर डालगं खुराड्याच्या आत ठेवा. वर दगड ठेवलेलं अंगणातलं डालगं कुत्रा उलथवतोच.

हे सगळं केलं आणि दार लावायला विसरलात तर सगळं पाण्यात. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून आत येतात, त्यांना हाकलावं लागत नाही. त्या आत आल्या की मोजायच्या आणि दार लावायचं. घरातल्या एकाच माणसाकडं हे काम द्या. "तू लावलंस का?" "मला वाटलं तुम्ही लावलं" यात किती कोंबड्या गेल्यात त्याचा हिशेब नाही. सकाळी चांगलं उजाडल्यावरच सोडा. कोल्ह्याची वेळ पहाटेचीही असते.

चमकणारे सोलर दिवे, रेडिओ, बुजगावणं, टांगलेल्या सीड्या याबद्दल लोक विचारतात. चार-आठ दिवस उपयोग होतो. त्यानं काही इजा होत नाही हे जनावराला कळलं की ते त्याच दिव्याच्या उजेडात येऊन बसतं. झालर घालेपर्यंत वेळ काढायला ठीक आहे.

दुसरी गोष्ट उकिरड्याची. आपल्याकडं रविवारी मटण झालं की हाडं परसामागच्या बांधावर जातात. चिकनच्या दुकानाची पिसं-आतडी पोत्यात भरून ओढ्याकडेला टाकणारेही आहेत. मग जनावर आलं म्हणून ओरडायचं. हाडं-खरकटं झाकणाच्या डब्यात, कुत्र्या-मांजराची ताटली रात्री उचलून आत, आणि कोंबड्यांचं दाणापाणी पत्र्याच्या डब्यात. दाण्याला उंदीर येतात, उंदरामागं कोल्हा येतो. मेलेली कोंबडी खोल पुरा, वर चुना टाका, त्यावर दगड.

कुत्र्या-मांजरांचं म्हणाल तर कोल्हा सहसा मोठ्या कुत्र्याच्या वाटेला जात नाही. धोका आहे पिल्लांना, मांजरांना, सशांना. ती रात्री घरात नाहीतर खुराड्यासारख्याच बंद जागेत. कुत्रा साखळीनं अंगणात बांधून "राखण" करायला ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येत, ना धड भांडता येत. आणि ज्यांच्याकडं कारवानी किंवा पश्मी जातीचा शिकारी कुत्रा आहे त्यांना हात जोडून सांगणं, कोल्ह्यावर कुत्रा सोडायची हौस करू नका. खरूज, डिस्टेंपर, रेबीज, काहीही घेऊन येईल. २०२४ च्या अखेरीस मुंबईत चेंबूरकडच्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता, ते काही लांबचं राहिलं नाही. कुत्र्या-मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस.

भर दिवसा झोकांड्या खात फिरणारा, माणसाला न भिणारा कोल्हा दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका. पोरंबाळं, जनावरं आत घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. कुणाला चावलाच, साधं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि तसंच सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल, गाठायचं. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. लशीचे जेवढे डोस सांगतील तेवढे सगळे पुरे करायचे.

काही गिऱ्हाईकं गुपचूप विचारतात, "मामा, एक सापळा करून द्या की." नाही करत. कोल्हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीत त्याला पहिल्या अनुसूचीत घेतलंय. पकडणं, मारणं दोन्ही गुन्हा. विष घातलेला मटणाचा तुकडा तर शेजारच्या मांजरापासून घारीपर्यंत कुणीही खातं. कुंपणात करंट सोडणाऱ्यांना मी शेडबाहेर काढतो. त्यात पहाटे पाणी पाजायला जाणारा माणूस मरतो. आणि उसातल्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त फुकटात करणारा कोल्हाच आहे, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको. कोल्ह्यानं शेळी-मेंढी मारली असेल तर मात्र मढं हलवू नका, लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईची सोय आहे.

राहिला पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली, की नदीकाठच्या उसातली सगळी जनावरं उंचावर सरकतात. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. तुमचं घर पाण्यात नसलं तरी कोल्हे, साप, घुशी सगळे तुमच्या बाजूला येणार. त्या दिवसांत कोंबड्या अंगणात सोडायच्या नाहीत, आतच दाणापाणी. घरच पाण्याच्या वाटेत असेल तर कोंबड्या आदल्या दिवशीच पिंजऱ्यात भरून वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडं न्या. पाणी उतरल्यावर झालर गाळाखाली जाते, ती खुरप्यानं मोकळी करून एकेक वीत हातानं ओढून बघा. जिथं तार हातात येईल तिथला तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचा. त्यासाठी अख्खं खुराडं उचलून उद्यमनगरात आणायची गरज नाही.