आमवातात आपल्याला काय बाधतं, हे कसं शोधावं

आमवाताचं निदान झालं तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण माझ्या ताटातला एकेक पदार्थ घेऊन गेला. जाऊबाईंनी दही नेलं, शेजारच्या काकूंनी वांगी-बटाटे, मावशीने चिंच आणि टोमॅटो. डाळी बंद करा म्हणणारेही निघाले. त्यांच्या डोक्यात युरिक अ‍ॅसिड होतं. अहो, तो गाऊट! त्यात युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचतात. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटते आणि सूज येते. डाळ सोडून ती उतरत नाही, पोटात जाणारं प्रथिन मात्र कमी होतं.

आधी गोळ्या. त्या चालूच ठेवायच्या. मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं औषध) असेल तर आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. औषध किंवा डोस नुकताच बदलला असेल तर खाण्याचा प्रयोग तीन महिने पुढे ढकला. का, ते खाली येईलच. आणि लेबल नसलेल्या ‘गुणकारी’ पुड्या घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे, चार दिवसांत बरं वाटतं ते त्यामुळेच.

मग ताट सुधारा. हे सोपं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने 2022 मध्ये भूमध्यसागरी पद्धतीचं जेवण सुचवलं. आपल्याकडे त्याचा अर्थ भाकरी, उसळी, पालेभाजी, फळं आणि आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. फरसाण, बेकरी, गोडधोड कमी. शाकाहारी लोकांनी जवसाची चटणी जरूर खावी, पण तिला माशाची बरोबरी येत नाही. जवसातल्या ओमेगा-3 या उपयोगी स्निग्धांशाचा थोडाच भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. हळदीच्या दुधावर माझा राग नाही, पण शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याचं एवढं कौतुक होतं तो घटक, जेमतेम तीन ग्रॅम आणि तेही अंगी लागत नाही फारसं. कडक उपासाने काही दिवस सूज उतरते हे खरं, पण जेवण सुरू झालं की ती परत येते. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासाबद्दल तर बोलायलाच नको.

मोजायचं काय ते ठरवा. ‘दहापैकी किती दुखतंय’ याला अर्थ नाही, मूड बदलला की आकडा बदलतो. मी उठल्यापासून ब्लाउजचं वरचं हुक लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहिते. बऱ्या दिवसांत वीस, वाईट दिवसांत दीड तास. तुम्ही शर्टाचं बटण धरा, कुकरचं झाकण धरा, पण रोज तेच.

आता खरी परीक्षा: एक पदार्थ सोडणं आणि परत आणणं. सोडता सगळ्यांना येतं. परत आणताना मी सपशेल चुकले.

पहिल्या वर्षी मी पाच पदार्थ एकदम सोडले. दोन महिन्यांत हात हलके झाले. मी जगाला सांगत सुटले, आंबट सोडा, आंबट सोडा. त्याच सुमारास डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवला होता, आणि त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे मी सोयीस्कर विसरले. श्रेय दह्याला! दोन वर्षं ताकाचा घोट घेतला नाही. वजन सहा किलो उतरलं, हिमोग्लोबिन घसरलं, आणि तरी मधूनमधून बोटं सुजायचीच.

म्हणून आता ठाम सांगते, एका वेळी एकच पदार्थ. चार आठवडे पूर्ण बंद. दही बंद म्हणजे ताक, कढी, श्रीखंड, दह्यात भिजवलेला ढोकळा, सगळंच. मग परत आणायचं तेही चमचाभर चाखून नव्हे, तर सलग तीन दिवस दोन्ही वेळा वाटीभर. पुढचा आठवडा हुकाची मिनिटं बघायची. वाढली? घाईने निकाल देऊ नका. हा आजार आपसूकच वरखाली होतो, एका वाईट सकाळीने काही सिद्ध होत नाही. पुन्हा चार आठवडे बंद, पुन्हा तीन दिवस. दोन्ही खेपेला हुक रखडलं तरच पदार्थावर संशय घ्या. घरात लग्न असेल, ताप येऊन गेला असेल, दिवाळीची साफसफाई काढली असेल, तर तो महिना मोजूच नका. साफसफाईने धरलेली बोटं मी एकदा टोमॅटोच्या नावावर लिहिली होती.

वेळ लागतो. मला चार पदार्थांना वर्ष गेलं.

वही डॉक्टरांना दाखवा, ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांच्या रिपोर्टसोबत. हुक लवकर लागतंय म्हणून आपल्या मनाने गोळी कमी करायची नाही. दुखणं थांबलं तरी आतली झीज चालू असू शकते.

माझ्या वहीत दही, टोमॅटो, चिंच निर्दोष सुटले. वांग्याला मात्र दोन्ही खेपेला हुक तासभर रखडलं. वांगं आमवात वाढवतं याला शास्त्रात ठोस पुरावा नाही, त्यामुळे माझ्यावरून तुमचं वांगं सोडू नका. मी तिसऱ्यांदा करून बघायला हवं, कळतं मला. जाऊबाई भरली वांगी करतात तेव्हा मी फक्त रस्सा मागते.