ट्रकवरच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडणाऱ्या मोठ्या स्क्रूने) खांबाचे खड्डे मारताना

सगळ्यात आधी वर बघा. तारा कुठून जातात ते बघितल्याशिवाय बूम (ऑगर धरणारा ट्रकवरचा लांब हात) उचलायचाच नाही. जवळ 11 केव्हीची लाईन असेल तर वीज खात्याकडून बंद करून, अर्थिंग लावूनच काम सुरू करा, कोणी नुसतं तोंडाने ‘बंद आहे’ सांगितलं म्हणून चालत नाही. बूम वर असताना खालच्या हेल्परने ट्रकला हात लावायचा नाही, हे त्याला रोज सांगा, कंटाळला तरी सांगा. जमिनीखालच्या केबल आणि पाण्याच्या पाईपचीपण चौकशी करून घ्या.

मग न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, क्लच दाबून पीटीओ (इंजिनची ताकद हायड्रॉलिक पंपाला देणारा गिअर) टाका. गोव्यात पेडणे-सत्तरीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) ट्रकला आधार देणारा जॅक घट्ट बसतो, पण खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बाजूला किंवा भरावाच्या रस्त्याकडेला वरून टणक दिसतं आणि वजन आलं की खचतं, म्हणून जॅकखाली जाड फळ्या घालाच आणि पावसात मध्ये मध्ये उतरून बघत राहा.

आता जांभा. वरचा थर कडक, खाली बहुतेक वेळा मऊ शेडी (चिकणमाती) लागते. कडक थरात लोक ऑगर फास्ट फिरवतात आणि वरून जोर देतात, त्याने दात झिजतात आणि खड्डा तिरका जातो. स्पीड कमी ठेवा, दाब हळूहळू द्या, दातांना कापू द्या. हातभर गेलं की वर काढून माती झटका, शेडी तर फार चिकटते. अडकला तर उलटा फिरवून सोडवा, बूमने आडवा खेचू नका. 9 मीटरच्या खांबाला 1.5 मीटर खोली, म्हणजे साधारण सहावा हिस्सा.

संध्याकाळी दात बघा. गोल बुलेट दात हाताने फिरले पाहिजेत, लाल माती भरून जाम झाले की एकाच बाजूने झिजतात आणि मग दात बसतो तो होल्डरपण खातात, तो खर्च मोठा. ग्रीस रोज मारा. हायड्रॉलिक ऑईल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, आपल्या पावसात हे होतंच, तसं चालवू नका, ऑईल आणि फिल्टर बदला. होज (ऑईलचा रबरी पाईप) गळतोय का ते हाताने चाचपून कधीच बघू नका, पुठ्ठा धरा. प्रेशरचं ऑईल कातडीतून आत जातं, भोक बारीक दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

समुद्राकाठी काम केलं असेल तर गोड्या पाण्याने धुवा, आणि मशीन पावसाळाभर उभी राहणार असेल तर हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड आत घेऊन ठेवा, बाहेर राहणाऱ्या रॉडला ग्रीस लावा.